जोते दीड फूट, दार तीन फूट

सोलापुरात कोणी घर बांधायला काढले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काय फुटाने दिलं?" फुटाच्या दरावर तासन्‌तास चर्चा होते, सिमेंटच्या गोणीमागे पाच रुपये कमी करून घेण्यासाठी चार दुकाने पालथी घातली जातात, परंतु त्या घरात आपले म्हातारपण कसे जाणार आहे, हा विषय नकाशा मंजूर होईपर्यंत कोणी काढत नाही. काढलाच तर "ते सगळं महाग पडतं" असे सांगून तो मिटवला जातो. हा समज चुकीचा आहे, असे मी स्वतःच्या घराच्या हिशेबावरून सांगते आहे. वृद्ध आणि दिव्यांग माणसांना वावरता येईल असे घर बांधायला, नकाशा कागदावर असेपर्यंत, जवळजवळ काहीही जास्त लागत नाही. स्लॅब पडल्यानंतर मात्र तेच काम फार महाग पडते, आणि ते महाग होते ते मालामुळे कमी, मजुरीमुळे जास्त.

आम्ही 2015 मध्ये जुळे सोलापुरात घर बांधले. माझ्या सासूबाईंनी तरुणपणापासून जमिनीवर मांडी घालून विड्या वळल्या होत्या, त्यांचे गुडघे तेव्हाही दुखत होते, आणि तरीही आम्ही जोते, म्हणजे घराखालचा भरावाचा चौथरा, तीन फूट उचलले, दारापुढे सहा पायऱ्या केल्या आणि न्हाणीघरात चकचकीत टाइल बसवली. 2023 मध्ये त्याच टाइलवरून पाय घसरून त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेनंतर त्यांना व्हीलचेअरवर बसवून घरी आणले, तेव्हा माझे पती, दीर आणि शेजारचे दोघे अशा चार जणांनी त्यांना खुर्चीसकट उचलून पायऱ्या चढवल्या. आत आल्यावर खुर्ची न्हाणीघराच्या दारात अडकली. दार अडीच फुटी होते. म्हणजे विटांमधली मोकळी जागा 30 इंच. त्यातून चौकटीचे दोन्ही बाजूंचे अडीच-अडीच इंच गेले, उघड्या दाराची जाडी गेली, हाती राहिले जेमतेम 23-24 इंच, आणि खुर्ची होती 25 इंचांची. त्या इंच-दीड इंचासाठी सासूबाईंना रोज दोघींनी धरून आत न्यावे लागे, आणि त्या दोघींसमोर त्यांना जो संकोच होई तो मी कधी विसरणार नाही.

मग दुरुस्ती काढली. दार रुंद करायचे म्हणजे नुसती वीट फोडून भागत नाही, कारण वरचे लिंटल, म्हणजे दारावरच्या भिंतीचा भार पेलणारी काँक्रीटची पट्टी, अडीच फुटांच्या हिशेबाने ओतलेले असते. ते फोडायचे, वरच्या भिंतीला टेकू द्यायचा, नवे ओतायचे. न्हाणीघराची फरशी उखडली की खालचे वॉटरप्रूफिंगही जाते, तेही नव्याने करावे लागते. वहीत टिपलेला हिशेब असा आहे: चौकट, दार, खरबरीत टाइल, कमोड, भिंतीवरचे धरायचे दांडे, सिमेंट, रेती आणि केमिकल मिळून 32,600 रुपये, तर गवंडी, दोन बिगारी, फरशीवाला, प्लंबर आणि डबर वाहून नेणारा ट्रॅक्टर मिळून 33,800. एवढे लहान काम कोणीही अंगावर, म्हणजे ठरावीक रकमेत, घेत नाही, ते रोजाच्या हजेरीवरच करावे लागते, आणि घरात माणसे राहत असताना, पाणी बंद ठेवून, धूळ सांभाळत केलेले काम दुप्पट दिवस खाते. चौकट बसवताना मिस्त्री म्हणाले, "ताई, हे दार आधीच तीन फुटी धरलं असतं तर विटा वाचल्या असत्या." त्यांचे म्हणणे शब्दशः खरे आहे. सात फूट उंचीचे दार अर्धा फूट रुंद केले की साडेतीन चौरस फूट दार वाढते आणि तेवढीच भिंत कमी होते. माझा भाऊ सध्या घर बांधतो आहे. त्याच्या सुताराने दोन दारांच्या या रुंदीपोटी दीड-दोन हजारांहून अधिक रक्कम सांगितली नाही.

सहा पायऱ्यांचे मात्र आम्हाला आजतागायत काही करता आलेले नाही. व्हीलचेअर स्वतःच्या हाताने किंवा एकाच माणसाच्या मदतीने चढायची तर उतार 1:12 पेक्षा उभा नसावा, असे आपल्या देशातील सुगम्यतेची, म्हणजे दिव्यांगांना सहज वावरता यावे यासाठीची, मानके सांगतात. म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. आमच्या तीन फुटांच्या जोत्याला 36 फूट उतार लागतो, वर दोन्ही टोकांना खुर्ची वळवायला पाच-पाच फूट सपाट जागा, आणि आमचा प्लॉट 30 बाय 40 चा. जागाच नाही. त्या पायऱ्यांमुळे सासूबाई सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेतली नंदीध्वजांची मिरवणूक पाहायला जाऊ शकल्या नाहीत, ज्यांनी आयुष्यात एकही वर्ष ती चुकवली नव्हती.

जोते एवढे उंच का करतो, याचेही उत्तर सोलापूरकरांना ठाऊक आहे. एक कारण खरे आहे, ते म्हणजे रस्ता. जुना थर खरवडून न काढता डांबरावर डांबर चढवत गेल्यामुळे दहा-बारा वर्षांत घरे खड्ड्यात जातात आणि पावसाचे पाणी अंगणात येते, म्हणून प्रत्येक जण शेजाऱ्यापेक्षा अर्धा फूट वर जातो. दुसरे कारण निव्वळ रुबाबाचे आहे. नाल्याकाठी किंवा सखल भागात राहणाऱ्यांनी जोते खाली घ्यावे असे मी मुळीच म्हणणार नाही, सप्टेंबर 2025 मधला सीना नदीचा पूर जिल्ह्याने पाहिला आहे. परंतु उंचवट्यावरच्या प्लॉटवर तीन फुटांचे जोते कशासाठी? 800 चौरस फुटांच्या घराचे जोते दीड फुटाने खाली घेतले तर 1,200 घनफूट, म्हणजे 12 ब्रास मुरूम कमी भरावा लागतो. दगडकाम कमी होते, भराव ठोकून बसवण्याची, म्हणजे धुमसाची, मजुरी कमी होते, आणि उतार 36 फुटांवरून 18 फुटांवर येतो. हा बदल खर्च वाढवणारा नसून वाचवणारा आहे. पाया मात्र काळ्या मातीत जेवढा खोल न्यावा लागतो तेवढा न्यावाच लागेल, त्यात काटकसर नको. रस्ता करताना जुना थर खरवडून काढावा ही मागणी आपण नगरसेवकांकडे चिकाटीने केली पाहिजे, कारण त्या एका गोष्टीवर हजारो घरांच्या जोत्यांची उंची अवलंबून आहे.

मालाच्या दराबद्दल आपण जेवढे सजग असतो तेवढे या बाबतीत नसतो, याची मला खंत वाटते. 22 सप्टेंबर 2025 पासून सिमेंटवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला, तेव्हा माझ्या ओळखीतल्या चार जणांनी काम दोन महिने पुढे ढकलले होते. हजार चौरस फुटांच्या घराला ढोबळमानाने 400 गोणी सिमेंट लागते. 350 रुपयांच्या गोणीमागे या कपातीने, ती पूर्ण पदरात पडली असे धरले तरी, 27 रुपये वाचतात, म्हणजे सगळे मिळून अकरा हजारांच्या आत. हा फायदा घ्यावाच. परंतु संडास आणि न्हाणीघर यांमधली भिंत काढून दोन्ही एक केली, तर एक भिंत, एक दार आणि त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंची टाइल वाचते, आणि खुर्ची वळवायला पाच फुटांची मोकळी जागा मिळते, हे त्या चौघांपैकी कोणाच्याही नकाशात नव्हते.

फरशीचेही तसेच. शहाबाद आपल्यापासून जवळ आहे, आपल्या जुन्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या शहाबादी फरशी होती, आणि तिच्या खरबरीत अंगावर ओला पायसुद्धा ठरतो. आज तीच फरशी आपण फक्त गच्चीवर आणि पार्किंगमध्ये घालतो आणि ज्या जागी पाणी सांडते तिथे आरशासारखी टाइल. निदान न्हाणीघरात आणि धुण्याच्या जागेत शहाबादी किंवा खरबरीत टाइल घालावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. उंबऱ्याबद्दल लिहिताना हात अडखळतो, कारण त्यावर हळदीकुंकू वाहणाऱ्या घरातली मी आहे. तरीही मुख्य दाराचा उंबरा फरशीच्या पातळीत बसवता येतो आणि त्याची पूजाही तशीच करता येते.

मजुरीचा दर हा आपल्या तक्रारीचा आवडता विषय आहे. आमच्या दुरुस्तीच्या वेळी गवंड्याला 900 आणि बिगाऱ्याला 650 रुपये रोज होता. ऊसतोडीच्या हंगामात आणि गड्ड्याच्या यात्रेत माणसे मिळत नाहीत, हेही खरे. परंतु जो माणूस महिन्यातले सगळे दिवस काम मिळवू शकत नाही आणि पन्नाशीतच ज्याची कंबर जाते, त्याच्या रोजातून पन्नास रुपये कापून पीओपीच्या छतावर लाखभर रुपये घालणे मला पटत नाही. डोक्यावरून तेवढीच घमेली वाहणाऱ्या बाईला पुरुषापेक्षा कमी रोज देणे तर अजिबात पटत नाही, समान वेतनाचे कायदेशीर बंधन देशात 1976 पासून आहे. मजुरी वाचवायचीच असेल तर एकच काम दोनदा करून घेऊ नये.

सार्वजनिक इमारतींची गोष्ट आणखी गंभीर आहे, कारण तिथे हा प्रश्न इच्छेचा राहिलेला नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 44 नुसार, सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या नकाशाला आस्थापनांच्या बांधकामासाठी परवानगीच देता येत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुरी या दृष्टिहीन व्यक्तीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने हे नियम केवळ शिफारशींच्या स्वरूपात ठेवता येणार नाहीत, त्यांतील किमान गोष्टी बंधनकारक कराव्या लागतील, असे स्पष्ट केले. तरीही सासूबाईंना तपासणीसाठी ज्या दवाखान्यात नेले, तिथला उतार दोन फूट चढायला जेमतेम आठ फुटांचा होता. मी आणि तिथला कर्मचारी मिळून खुर्ची ढकलत होतो, आणि वर पोहोचेपर्यंत सासूबाईंनी माझे मनगट घट्ट धरून ठेवले होते. तो उतार बांधायला सिमेंट, खडी, मजुरी सगळे लागलेच होते. आणखी 16 फूट लांबी नकाशातच धरली असती तर तोच पैसा कामी आला असता.

भावाच्या प्लॉटवर परवा आखणी झाली. मी व्हीलचेअर रिक्षात घालून सोबत नेली होती. जोते दीड फूट ठरले आहे, फाटकापासून बाजूच्या भिंतीलगत चार फूट रुंद आणि 18 फूट लांब उताराची जागा पांढऱ्या फक्कीने, म्हणजे चुन्याच्या भुकटीने, आखली आहे, आणि पुढे भाडेकरू ठेवायचा झाला तर तो वरच्या मजल्यावर राहील, खालची खोली आईवडिलांची, हेही वहिनीने त्याच दिवशी सांगून टाकले. ठेकेदाराने रिकामी खुर्ची फक्कीच्या रेषेवरून स्वतः दोनदा फिरवून पाहिली आणि वळणाजवळची खुंटी उपटून एक फूट पलीकडे ठोकली.