खुलासा : डोक्याला मार लागलाय? जवळचं रुग्णालय टाळू नका

दोन दिवस झाले, गावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. डोक्याला मार लागलेल्याला साध्या सरकारी रुग्णालयात नेऊ नका, तिथे मेंदूचे डॉक्टर नसतात, थेट शहर गाठा. आणि शुद्धीवर आला तरी गाफील राहू नका. पाठवणाऱ्याची कळकळ खरी आहे, पण पहिला सल्ला चुकीचा आहे.

मी उपजिल्हा रुग्णालयात अपघात विभागात परिचारिका आहे. मेंदूचे सर्जन आमच्याकडे नाहीत, हे कबूल. पण असा मार लागलेल्या बहुतेकांना ऑपरेशन लागतच नाही. गंभीर रुग्णाला सुरुवातीला मोठा धोका असतो तो ऑक्सिजन आणि रक्तदाब घसरण्याचा. त्याने दुखावलेला मेंदू आणखी बिघडतो. घशातलं रक्त मशीनने ओढणं, मानेला पट्टा, ऑक्सिजन, सलाइन हे आमच्याकडे होतं. मग टॉर्चने डोळ्यांच्या बाहुल्या बघतो, शुद्धीचे गुण मोजतो, 3 ते 15. 8 किंवा कमी भरले, तर डॉक्टर श्वासनलिकेत नळी घालतात आणि 108 ने पुढे पाठवतात. जीपच्या मागच्या सीटवर, मान लोंबकळत दोन तास नेताना यातलं काय होणार?

दुसरा सल्ला मात्र बरोबर आहे. घरी सोडल्यावरही उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा झटका आला तर लगेच परत आणा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.