घेर पोटाचा, वाद ताटाचा

कट्ट्यावरचा कालचा वाद एका मित्राच्या घोषणेवरून सुरू झाला. पोट कमी करण्यासाठी त्याने रात्रीचे जेवण पूर्णपणे बंद केले आहे. त्यावर नियमित व्यायाम करणारा दुसरा मित्र ठासून म्हणाला, "जेवण कशाला सोडतोस? पोटाचे व्यायाम कर, चरबी तिथूनच उतरेल." दोघेही मनापासून बोलत होते, परंतु आपण सांगू त्याच जागेची चरबी शरीर आधी खर्च करते, हे दोघांनीही तपासल्याशिवाय गृहीत धरले होते.

आहारशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या मैत्रिणीने नेमके तेच गृहीतक खोडले. पोटाच्या व्यायामाने तिथले स्नायू बळकट होतात, पण त्यांच्यावरची चरबी त्यामुळे वेगळी झडत नाही. ती कुठून आधी उतरणार हे आनुवंशिकता, वय आणि संप्रेरके ठरवतात. मैत्रिणीला त्वचेखालच्या चरबीपेक्षा यकृत आणि आतड्यांभोवती साठणाऱ्या चरबीची अधिक काळजी होती, कारण तीच मधुमेह आणि हृदयविकाराशी अधिक घट्टपणे जोडलेली आहे. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 15 स्थूल स्त्रियांच्या पोटावरची, म्हणजे त्वचेखालची, सुमारे 10 किलो चरबी शस्त्रक्रियेने काढण्यात आली, तरीही त्यांच्या रक्तदाबात किंवा इन्सुलिनच्या कार्यात लक्षणीय सुधारणा झाली नाही. याउलट, आहार बदलून वजन 5 ते 10 टक्क्यांनी घटले, तरी आतली चरबी बऱ्यापैकी कमी होते.

"मग माझे काय चुकते? रात्री जेवलो नाही की उष्मांक कमीच होतात ना?" असा जेवण सोडलेल्या मित्राचा प्रश्न होता, आणि तो रास्तच होता. 2022 च्या एका अभ्यासात 139 स्थूल व्यक्तींना वर्षभर सारख्याच प्रमाणात कमी उष्मांकांचा आहार दिला गेला. त्यांपैकी एका गटाने सकाळी 8 ते दुपारी 4 या वेळेतच खायचे होते. वजन दोन्ही गटांचे उतरले, पण वेळेच्या बंधनामुळे त्यात लक्षणीय भर पडली नाही. म्हणजे रात्रीचे जेवण वगळून दिवसभराचे खाणे खरोखर कमी होत असेल, तर उपयोग आहे. पण भुकेने कासावीस होऊन दुसऱ्या दिवशी दुप्पट खाल्ले जात असेल, तर नाही. मधुमेहाची औषधे घेणाऱ्याने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण वगळू नये, कारण साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

माझ्या मते या वादाचे मर्म वेगळेच आहे. पोट भरल्याची जाणीव कशाने होते, हा प्रश्न आम्ही फार उशिरा विचारला. 2019 साली 20 प्रौढांवर झालेल्या एका प्रयोगात त्यांना दोन आठवडे अतिप्रक्रियित अन्न (म्हणजे कारखान्यात अनेक प्रक्रिया करून बनवलेले पदार्थ) आणि दोन आठवडे कमीत कमी प्रक्रिया केलेले अन्न देण्यात आले. समोर ठेवलेल्या दोन्ही प्रकारच्या जेवणांत उष्मांक, साखर, मेद आणि तंतू यांचे प्रमाण सारखे राखले होते आणि हवे तितके खाण्याची मुभा होती. तरीही अतिप्रक्रियित अन्नाच्या काळात ते रोज सुमारे 500 उष्मांक अधिक खाऊन गेले आणि त्यांचे वजन जवळपास 1 किलोने वाढले. निश्चयाचा अभाव म्हणून आपण ज्याला दोष देतो, त्यात अन्नाच्या स्वरूपाचा वाटा किती मोठा असतो, हे मला यातून पटते.

म्हणून जेवण सोडण्यापेक्षा जेवणातले काय बदलायचे, यावर आम्ही बराच वेळ बोललो. भाज्या, कडधान्ये, अख्खी धान्ये आणि पुरेशी प्रथिने यांनी भूक लवकर शमते. गोड पेयांतून मात्र पोट न भरताच उष्मांक जातात, त्यामुळे सर्वांत आधी तीच बंद करावीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार वरून घातलेली साखर, तसेच मध आणि फळांच्या रसातली साखर मिळून एकूण उष्मांकांच्या 10 टक्क्यांहून कमी असावी, आणि शक्यतो 5 टक्क्यांच्या आत. तेलाच्या बाबतीत मैत्रीण विशेष आग्रही होती: मेदाच्या एका ग्रॅममध्ये 9 उष्मांक असतात आणि पिष्टमय पदार्थांच्या एका ग्रॅममध्ये 4, त्यामुळे तेल चांगले असले तरी अंदाजाने ओतू नये, चमच्याने मोजावे.

व्यायाम करणारा मित्र शेवटपर्यंत मागे हटला नाही, आणि एका मुद्द्यावर त्याचे म्हणणे सर्वांनाच मान्य करावे लागले: वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात, म्हणून प्रथिनांच्या जोडीला ताकदीचे व्यायाम हवेतच. प्रगती मोजायची कशी, यावर मात्र एकमत लगेच झाले. वजनकाट्याच्या जोडीला टेप घ्यावी, सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध ती धरावी आणि श्वास सहज सोडल्यावर माप घ्यावे; तो घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असणे बरे.