गेलेल्यांच्या नावावर आणखी माणसं पाठवू नका

आज संध्याकाळी डेक्कनला एका व्याख्यानाला गेले होते. विषय अफगाणिस्तान. वक्त्यांचं नाव घेत नाही, माझं भांडण त्यांच्या एकट्याशी नाही. माणूस अभ्यासू. नकाशे, टोळ्या, पाकिस्तान, सगळं नीट उलगडून सांगितलं. आणि शेवटाला आल्यावर म्हणाले, अमेरिकेनं कच खाल्ली, अजून पाच-सात वर्षं रेटायला हवं होतं, असं अर्ध्यावर सोडून आलं की आधी गेलेल्या सैनिकांचं बलिदान वाया जातं. सभागृहात टाळ्या. शेजारच्या काकूंनीही वाजवल्या.

मी उठून बाहेर आले. घरी येऊन न जेवता हे लिहायला बसलेय, भाषा तिखट झाली तर होऊ दे.

माझ्या आत्याचा मुलगा शांतिसेनेत होता, भारतानं श्रीलंकेत पाठवलेल्या फौजेत. तिथंच मारला गेला, १९८९ च्या जूनमध्ये. आत्या सातारा जिल्ह्यातली, पण दरवर्षी पालखीला आमच्या नाना पेठेतल्या वाड्यात यायची. आई आणि ती मिळून वारकऱ्यांसाठी पिठलं-भाकरी करायच्या. त्या वर्षी तार आली गावाकडे. ती घेऊन गावचा एक माणूस एसटीनं पुण्यात आला आणि विचारत विचारत वाड्यात पोचला. आत्या परातीत भाकरी थापत होती. त्यानं तार माझ्या वडिलांच्या हातात दिली. वडिलांनी वाचली, पण त्यांना बोलता येईना. आत्यानं त्यांच्याकडे पाहिलं आणि हातातली भाकरी आधी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, मग विचारलं, "कुठला?" तिचे दोन्ही मुलगे फौजेत होते.

आता तारखा बघा. १ जून १९८९ ला श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा यांनी जाहीर सांगितलं होतं, जुलैअखेर तुमची फौज परत न्या. ज्यांच्या देशात आपण होतो त्यांच्याच प्रमुखानं सांगितलं. तिकडे एलटीटीई, म्हणजे वेगळं तमिळ राष्ट्र मागणारे बंडखोर, आणि कोलंबो सरकार एकमेकांशी बोलायलाही लागले होते. दोघांनाही आपण नको होतो! आणि दिल्ली म्हणत होती, तारीख तुम्ही ठरवायची नाही. का? तर इभ्रत. आणि वर्षअखेरीला लोकसभा निवडणूक. नोव्हेंबरात निवडणूक झाली, सरकार बदललं, व्ही. पी. सिंग आले आणि मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परत आली. ११०० हून जास्त जवान तिथं गमावून. दादाच्या, आत्याच्या या मुलाच्या, शेवटच्या पत्रात एक ओळ होती, "सामान बांधून ठेवलंय, हुकूम नाही."

हो, मान्य आहे, आपण कब्जा करायला गेलो नव्हतो. १९८७ चा भारत-श्रीलंका करार होता, त्यांच्या सरकारची सही होती, तमिळांच्या जिवाचा प्रश्न खरा होता. ठीक. पण १ जूननंतरचं काय?

आणि अमेरिकेचं तर सगळं कागदावर आहे, टेपवर आहे. मे १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन व्हिएतनामच्या युद्धाबद्दल आपल्या सल्लागाराला, मॅकजॉर्ज बंडीला, फोनवर सांगतो की हे लढण्याच्या लायकीचं आहे असं मला वाटत नाही, आणि यातून बाहेर पडता येईल असंही वाटत नाही. त्याच दिवशी सिनेटर रसेलशी बोलताना म्हणतो, पळ काढणाऱ्या राष्ट्राध्यक्षावर हे लोक महाभियोग चालवतील, नाही का? म्हणजे मोठ्या फौजा उतरायच्या आधीच माहीत होतं. भीती व्हिएतनामची नव्हती, वॉशिंग्टनची होती. नोव्हेंबरात निवडणूक होती. पुढच्या मार्चमध्ये पेंटॅगॉनमधला, म्हणजे संरक्षण खात्यातला अधिकारी मॅकनॉटन आपली उद्दिष्टं चक्क टक्क्यांत मांडतो: ७० टक्के अमेरिकेची मानहानी टाळणं, २० टक्के तो प्रदेश चीनच्या हाती जाऊ न देणं, आणि तिथल्या लोकांना बरं आयुष्य मिळावं यासाठी १० टक्के. दहा! ज्यांच्या नावानं लढाई, त्यांच्या वाट्याला दहा.

मग पुढचा राष्ट्राध्यक्ष निक्सन. ऑगस्ट १९७२, पुन्हा निवडणूक तोंडावर. ज्याच्या बाजूनं अमेरिका लढत होती ते दक्षिण व्हिएतनाम बहुधा टिकणार नाही, असं तो स्वतःच म्हणतो. त्याचा सल्लागार किसिंजर म्हणतो, एक-दोन वर्षं हे तग धरेल असं काहीतरी सूत्र शोधू, त्यानंतर कोणाला त्याचं काही पडलेलं नसेल. ओव्हल ऑफिसात रेकॉर्ड झालेलं बोलणं आहे हे. निक्सन आल्यानंतर वीस हजारांहून जास्त अमेरिकन सैनिक मेले. व्हिएतनामी किती, ते विचारूच नका. जानेवारी १९७३ मध्ये पॅरिसला शांतता करारावर सह्या झाल्या, एप्रिल १९७५ मध्ये दक्षिणेची राजधानी सायगाव पडलं.

त्या वीस हजारांच्या घरीही कोणीतरी "कुठला?" म्हणून विचारलंच असेल.

अफगाणिस्तानातही तेच. २००१ च्या ऑक्टोबरात गेले लादेनसाठी. लादेन सापडला २०११ च्या मे महिन्यात, तोही पाकिस्तानात, अबोटाबादला. त्यानंतर आणखी दहा वर्षं हे काबूलमध्ये काय करत होते? ओबामांनी २००९ च्या डिसेंबरात ३० हजार जास्तीचे सैनिक पाठवायचं जाहीर केलं आणि त्याच भाषणात परत आणायला सुरुवात कधी करणार ते सांगितलं, जुलै २०११. पुढे ती वाढीव फौज २०१२ च्या उन्हाळ्याअखेर परत येईल असं ठरलं. निवडणूक नोव्हेंबर २०१२ ला. योगायोग म्हणायचा असेल त्यांनी म्हणावा. ट्रम्पनी २०१७ मध्ये भाषणात सांगितलं की माझं मन बाहेर पडा म्हणत होतं, आणि त्याच भाषणात मुक्काम वाढवला. बुश आणि ओबामा या दोघांच्याही काळात व्हाइट हाउसमध्ये हे युद्ध सांभाळणारा जनरल डग्लस ल्यूट सरकारी मुलाखतीत म्हणून गेला की आपण काय करतोय हेच आम्हाला कळत नव्हतं. ही मुलाखत २०१५ ची, लोकांसमोर आली २०१९ ला. मधली चार वर्षं बाहेर काय सांगत होते? प्रगती होतेय.

प्रत्येकाला हे प्रकरण पुढच्याच्या गळ्यात घालायचं होतं. सोडून येणाऱ्यावर पराभवाचा शिक्का बसतो, थांबणाऱ्यावर कसलाच बसत नाही. थांबण्याची किंमत त्याच्या घरातून जातच नाही ना.

आता कोणी म्हणेल, आणि बरोबर म्हणेल, निघून गेल्यावर काय झालं ते बघा. बघितलंय. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल तालिबानच्या हाती पडलं तेव्हा कोंढव्यात मैत्रिणीच्या बिल्डिंगमध्ये दोन अफगाण मुलं राहायची, शिकायला आलेली. रात्रभर जिन्यात बसून फोन लावायची, तिथे रेंज बरी यायची म्हणून. मैत्रिणीनं चहा नेऊन दिला, तर एकानं हातातला फोन दाखवला, स्क्रीनवर बहिणीचा शाळेच्या गणवेशातला फोटो. आज त्या देशात मुलींना सहावीनंतर शाळा बंद आहे. हे लिहिताना माझा राग पार उतरतो, खरंच. ती बहीण आता काय करत असेल माहीत नाही. तिच्यासाठी कोणी थांबलं असतं तर मी पहिली टाळी वाजवली असती. पण तिच्यासाठी कोणी थांबलं नव्हतं हो. फौज परत न्यायचा दोहाचा करार झाला फेब्रुवारी २०२० मध्ये, अमेरिका आणि तालिबानमध्ये, आणि काबूलचं सरकार त्या टेबलावर नव्हतंसुद्धा. तिची शाळा फौज तिकडे ठेवण्यासाठी वापरली, आणि सौदा करायची वेळ आली तेव्हा सगळ्यात आधी तीच सोडून दिली.

म्हणून ते "बलिदान वाया जाईल" ऐकलं की माझं डोकं फिरतं. आमच्या घरीही ते म्हणून झालंय. तेराव्याला कोणीतरी पुढारी आले होते. म्हणाले, तुमच्या मुलाचं रक्त वाया जाऊ देणार नाही, आपण मागे हटणार नाही. आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "माझा गेला. दुसऱ्याचा तरी आणा परत." पुढारी चहा न घेता गेले. पार्थिव आलं नव्हतं, अस्थी आल्या होत्या आणि काळी ट्रंक. ट्रंकेत तिच्यासाठी घेतलेली नायलॉनची साडी होती, दुकानाच्या पिशवीतच. तिनं ती कधी नेसली नाही, कोणाला दिलीही नाही.

सैनिकाला इथं कोणी बोल लावत नाहीये. तो हुकमानं जातो, हुकमानं थांबतो. प्रश्न हुकूम देणाऱ्यांना आहे आणि टाळ्या वाजवणाऱ्यांना.

खाली कमेंटमध्ये मला देशप्रेम शिकवायला येणारे येतीलच. या. पण आधी एवढंच सांगा, १ जून १९८९ नंतर आमचा दादा तिथं नेमकं काय राखत होता? आत्या आहे अजून, कान शाबूत आहेत. जे लिहाल ते मी तिला वाचून दाखवीन.