मुलांचं कौतुक करायचंय? आधी आमदारांची डेट घ्या

वर्ष संपत आलं, मुलांनी वर्षभरात बरंच काहीबाही करून ठेवलंय, कोणी चित्रकलेत नंबर काढला, कोणी तालुक्याला कबड्डी मारली, आणि स्टाफ मीटिंगमध्ये हेडमास्तर तुमच्याकडे बघून म्हणाले की "यंदाचा बक्षीस समारंभ जरा चांगला करूया हां." झालं, पडला तुमच्या गळ्यात. अभिनंदन. आता मी सांगतो तसं करा, म्हणजे पुढच्या वर्षीही तुमच्याच गळ्यात पडेल.

नवखा शिक्षक काय करतो, तर आधी बक्षिसं कोणाकोणाला द्यायची त्या मुलांची यादी करायला बसतो. हे वेळ घालवायचं काम आहे. मुलं कुठे पळून जातायत? आधी व्यासपीठाची यादी करा. आणि यात आपल्या गोव्याएवढी सोय कुठेच नाही बघा. राज्य एवढंसं, २०११च्या जनगणनेला साडेचौदा लाख लोक, आणि आमदार ४०. म्हणजे साधारण छत्तीस हजार माणसांमागे एक आमदार. दुसऱ्या राज्यातल्या माणसाला आमदार बघायचा तर इलेक्शनची वाट बघावी लागते, आपला आमदार बारशाला येतो, मुंजीला येतो, वाड्यावरच्या क्रिकेट फायनलला तर न बोलावता येतो. शिवाय १९१ ग्रामपंचायती आहेत, त्यामुळे सरपंच, उपसरपंच, वॉर्डाचा पंच, जिल्हा पंचायतीचा मेंबर हे धरायचेच, मग देवस्थानचे अध्यक्ष, पीटीएचे म्हणजे पालक-शिक्षक संघाचे अध्यक्ष, आणि ज्याने टेम्पोभर खुर्च्या फुकट दिल्या तो. गेल्या इलेक्शनला पडलेल्या उमेदवारालाही विसरू नका, तो उद्या निवडून आला तर शाळेच्या छपराचं काय? त्याला पत्रिकेत "प्रसिद्ध उद्योजक व समाजसेवक" म्हणून घाला, फक्त आमदार गेल्यावर येईल अशी वेळ द्या.

पटावर अकरा मुलं आणि व्यासपीठावर चौदा खुर्च्या असं होईल, तर होऊ दे. मराठी प्राथमिक शाळा असेल तर हे होणारच, आणि त्यात वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, तेवढाच समाजाचा सहभाग दिसतो.

तारीख आमदारांच्या पीएला विचारून ठरवा. २०२५ पासून सहावी आणि त्यावरचे बरेचसे वर्ग एप्रिलातच सुरू झाले, त्यामुळे जुनं वर्ष संपून नवं लागायच्या मध्ये श्वास घ्यायलाही जागा उरलेली नाही, त्यात शिगमो, आपला होळीचा उत्सव, म्हणजे साऊंडवाला मिळत नाही आणि आमदार रोज रोमटामेळाच्या मिरवणुकीत. मिळेल ती तारीख घ्या. दुसऱ्या दिवशी पेपर असला तर मुलं करतील ॲडजस्ट, त्यांना सवय आहे.

पत्रिकेवर वेळ छापा चार. मुलांना बोलवा दोनला. आमदार येतील सव्वासहाला. मधले सव्वाचार तास काय करायचं असं विचाराल तर काही नाही करायचं, माइक चेक करायचा. फुगडीच्या मुली काष्टा नेसून, गजरे माळून, गालाला लाली लावून पत्र्याच्या मांडवाखाली बसतील, घामाने लाली हनुवटीपर्यंत येईल, एखादी रडेल, एखाद्याला चक्कर येईल, त्याला पाणी पाजा आणि परत लाइनीत उभा करा. "साहेब मोडापर्यंत पोचले" असा निरोप दर पंधरा मिनिटांनी येत राहील, त्या प्रत्येक निरोपाला मुलांकडून टाळ्यांची प्रॅक्टिस करून घ्या. घुमट आरती सुरुवातीलाच ठेवा, कारण घुमटाला, म्हणजे आपल्या मातीच्या मडक्याच्या वाद्याला, सरकारने २०१९ साली वारसा वाद्य केलंय, पाहुण्याला त्यावर बोलायला आयती दोन मिनिटं मिळतात. वाजवणाऱ्या मुलांची नावं सांगायची गरज नाही, वाद्याचं नाव सांगितलं म्हणजे पुरे.

समई पेटवताना पंखे बंद करा. नंतर चालू करायचे कोणाच्या लक्षात राहत नाही, ते तसंच असतं.

मग सत्कार. हा कार्यक्रमाचा गाभा आहे, इथे घाई नको. चौदा पाहुणे, प्रत्येकाला शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि स्मृतिचिन्ह, ते आणून द्यायला पहिल्या नंबरात आलेल्या मुलीच तबक घेऊन उभ्या करा, म्हणजे हुशार मुलं स्टेजवर दिसली असंही होतं. प्रत्येक पाहुण्याचा परिचय पानभर वाचा. एकाला शाल कमी पडली तर पीटीएवाल्या अध्यक्षांची हळूच काढून घ्या, ते घरचेच.

भाषणाची काळजी तुम्ही करू नका, ते तयारच असतं. आधी पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांनी गावागावात शाळा काढल्या त्याची आठवण, जी खरीच आहे आणि म्हणूनच कोणीही वापरतो. मग मातृभाषेतून शिक्षणाचं महत्त्व, ते ऐकताना पालकांपैकी कोणी २०११ साली इंग्रजी प्राथमिक शाळांच्या अनुदानाचा निर्णय कोणी घेतला आणि मग आलेल्यांनी तो बदलला का, असलं काही पुटपुटेल, त्याला मागच्या रांगेत बसवा. वक्त्यांची स्वतःची नातवंडं कुठल्या माध्यमात शिकतात हा खाजगी प्रश्न आहे. शेवटी "आजचा विद्यार्थी उद्याचा नागरिक" आलं की भाषण संपत आलं असं समजून भजी तळायला सांगायची.

आता निकाल. बॅनरवर "सतत १०० टक्के" असं मोठ्या अक्षरात हवं, आणि ते कसं येतं हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, नववीत ज्यांना "बघ बाबा, दुसरी शाळा तुला झेपेल" असं प्रेमाने समजावलं त्या मुलांनाही माहीत आहे. त्यांना समारंभाचं आमंत्रण नको. आणि तो कबड्डीवाला, ज्याला वर्षभर "खेळून पोट भरणार काय रे?" म्हणून ग्राउंडवरून कान धरून आणला, तो शेवटी दहावीला क्रीडागुणांवर पास झाला तर त्याचा फोटो मात्र बॅनरवर घ्या, "क्रीडा संस्कृती जोपासणारी शाळा" असं खाली लिहा.

बक्षीस वाटपाला वेळ उरेल सात मिनिटं, कारण साहेबांना पुढे अजून दोन कार्यक्रम आहेत. घाबरू नका. मुलांना लाइनीत लावा, नाव पुकारायच्या आधीच हातात काहीतरी द्या, चौथीतल्या पोराच्या हातात दहावीची ढाल गेली तरी चालेल, "खाली उतरल्यावर आपापसात बदलून घ्या" असं माइकवरून सांगितलं की झालं. फोटोत पाहुण्याचा चेहरा आणि ट्रॉफी आली पाहिजे, मुलाचं कपाळ अर्धं कापलं जाईल, जाऊ दे. कोणाची तरी आई येऊन विचारेल, "टीचर, आमच्या बाबूचं नाव घेतलंच नाही, तो चित्रकलेत पहिला आला ना?" तिला सांगा, सर्टिफिकेट ऑफिसात आहे. तिने मुद्दाम हाफ डे टाकलेला असतो, पण ते तिचं ती बघेल.

आणि आभार. नावं घ्यायची ती मांडववाला, साऊंडवाला आणि बॅनरचे स्पॉन्सर यांची. बालरथचा, म्हणजे शाळेच्या बसचा ड्रायव्हर, जो पावसात मातीच्या रस्त्यावरून मुलं आणतो आणि पगार वाढवून मिळावा म्हणून ज्याच्यासारख्यांना संप करावा लागतो, तो "ज्ञात-अज्ञात" मध्ये येतो. बचत गटाच्या बायका, ज्या वर्षभर मुलांना पाव-भाजी करून पाठवतात आणि बिलाची वाट बघतात, त्याही त्यातच. वर्गात तीन वर्षांपासून वाचता न येणाऱ्या पोराला ज्या मुलीने डबा खायच्या सुट्टीत बसून अक्षरं शिकवली, ती तर कुठल्याच यादीत बसत नाही, तिच्यासाठी ट्रॉफीची कॅटेगरीच नाही, आणि नवीन कॅटेगरी काढायची म्हटलं तर कमिटीची मीटिंग लावावी लागेल.

राष्ट्रगीताला सगळे उभे राहतात का ते बघा, साहेबांचा ड्रायव्हर तोपर्यंत गाडी स्टार्ट करून ठेवतो. आणि पालक निकालपत्रक विचारायला लागले तर म्हणा सोमवारी मिळेल, पीटीए फंडाची पावती घेऊन या.