कॅटनिप हा मांजराचा गांजा नव्हे, आणि तुळशीचं तेल त्याला पर्याय तर मुळीच नाही

सोलापुरात मांजरं पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय. जुळे सोलापूरपासून पूर्व भागापर्यंत सगळीकडे तो पोचलाय आणि लोक त्याखाली हात जोडून आभार मानतायत. कॅटनिप म्हणजे एका परदेशी झाडाचा पाला, तो हुंगला की बरीच मांजरं त्यावर लोळायला लागतात. मजकुराचा सारांश असा: कॅटनिप हा मांजरांचा गांजा आहे. एकदा दिला की चटक लागते, मेंदू खराब होतो, मांजर उंदराकडे बघेनासं होतं. जे मांजर कॅटनिपवर लोळत नाही ते आतून आजारी असतं. म्हणून हा परदेशी पाला फेकून द्या. त्याच कुळातली आपली तुळस आणि पुदिना घरात आहेतच, त्यांच्या तेलाचे चार थेंब मांजराच्या मानेवर चोळा, मांजर शांत होतं आणि पिसवाही जातात. आणि शेवटी एक इशारा: मांजर गवत खायला लागलं की पोटात विष गेलंय असं समजा.

यातल्या एका सल्ल्यानं मांजराचा जीव जाऊ शकतो. म्हणून मजकुराचा क्रम बाजूला ठेवून आधी त्या तेलाबद्दल लिहिते.

वृंदावनातल्या तुळशीचं एखादं पान मांजरानं चावलं तर घाबरायचं काही कारण नाही. बाटलीतलं तेल ही मात्र वेगळीच गोष्ट. ढीगभर पाल्याचा अर्क त्या एवढ्याशा बाटलीत असतो आणि त्यात युजेनॉल असतं, लवंगेच्या तेलात असतं तेच. असले पदार्थ अंगाबाहेर काढण्यासाठी आपलं यकृत त्यांना ग्लुकुरोनिक आम्लाची जोड देतं. मग ते पाण्यात विरघळतात आणि लघवीवाटे निघून जातात. मांजराच्या यकृताला हे काम नीट जमत नाही, कारण त्यासाठी लागणारं एक महत्त्वाचं जनुक मांजरांत निकामी झालेलं आहे. सिंह, बिबट्या, रानमांजर, सगळ्या मार्जारकुळाची हीच गत आहे. माणसाला रोजची वाटणारी पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराला मारू शकते, तीही याच कारणानं.

‘मानेवर लावलं की चाटता येत नाही’ असं मजकुराखाली कुणीतरी समजावलंय. तेल कातडीतून आत शिरतं, केसांवरून पसरतं, पंजाला लागतं. दिवसातले कितीतरी तास अंग चाटण्यात घालवणारा हा प्राणी, उरलेलं तेल तो स्वतःच पोटात घेतो. तोंडातून लाळ गळणं, झोकांड्या जाणं, अंग थरथरणं, उलट्या, धाप लागणं ही विषबाधेची लक्षणं आहेत. कुणी तेल लावून बसलं असेल तर कोमट पाणी आणि भांडी घासायचं सौम्य लिक्विड घेऊन ते धुऊन काढा, मांजराला कोरडं करून टॉवेलात गुंडाळा आणि बाटलीसकट पशुवैद्यांकडे न्या. घरी मीठ-पाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका. हे फक्त तुळशीच्या तेलापुरतं नाही. पुदिना, निलगिरी, लवंग, कापूर, टी ट्री, यांतलं कुठलंही तेल मांजराच्या अंगावर घालायचं नाही. पिसवा झाल्या असतील तर मांजरासाठी असलेलं औषध डॉक्टरांना विचारून, वजनाप्रमाणे घ्या. कुत्र्याचं औषध थोडं कमी करून लावणं हा पर्याय नाही. त्यातल्या काहींत असलेल्या परमेथ्रिन या कीटकनाशकानं मांजरं मरतात.

आता गांज्याकडे.

गांजा धुरावाटे किंवा पोटातून रक्तात उतरतो आणि मग मेंदूवर काम करतो. कॅटनिपचं सगळं काम नाकातून चालतं. त्यातलं नेपेटालॅक्टोन हे उडून जाणारं द्रव्य नाकातल्या वासाच्या पेशींना लागलं की मांजर लोळायला लागतं. तेच द्रव्य वास न येऊ देता कॅप्सूलमधून पोटात दिलं तर मांजर लोळत नाही. हे १९६९ सालीच दाखवून झालंय. योगायोग असा, की त्याच वर्षी अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात कॅटनिप ओढून माणसांना नशा झाल्याचा लेख आला होता. त्यातल्या चित्रांत गांजा आणि कॅटनिप यांची नावंच उलटसुलट छापली गेली होती. वाचकांनी पत्रं पाठवून ते दाखवून दिलं. गांज्याशी जोडलेलं हे नातं तेव्हापासूनच गोंधळातलं आहे.

मेंदूत नेमकं काय होतं हे २०२१ साली जपानच्या इवाते विद्यापीठातल्या मासाओ मियाझाकी यांच्या गटानं तपासलं. जपानमध्ये माताताबी नावाची डोंगरातली वेल आहे, इंग्रजीत तिला सिल्व्हर वाइन म्हणतात. तिच्यातलं नेपेटालॅक्टॉल मांजरांना हुंगायला दिलं, तेव्हा त्यांच्या रक्तात बीटा-एंडॉर्फिन वाढलेलं दिसलं. अफूच्या विषबाधेवर देतात ते नॅलोक्सोन आधी टोचलं, तर लोळणं दबलं. हे वाचून ‘म्हणजे अफूच की’ असं म्हणणारे भेटतात. पण एंडॉर्फिन हे शरीर स्वतः तयार करतं. खूप पळाल्यावर, जखम झाल्यावर आपल्याही अंगात ते वाढतं. बाहेरून अफू ओतणं वेगळं आणि आतल्या यंत्रणेनं आपल्या मर्यादेत आनंद देणं वेगळं. चटकेचं म्हणाल तर, व्यसनी माणूस मात्रा वाढवत नेतो. मांजर दहा-पंधरा मिनिटांत थंड होतं, आणि पुढचा तासभर तोच पाला नाकाशी धरला तरी ढुंकून बघत नाही.

जवळून बघितलं तर यात झिंगल्यासारखं काही दिसतही नाही. आमच्या बोक्यापुढे चिमूटभर सुका पाला टाकला की तो आधी नाक लावून थांबतो. मग चाटतो, चावतो, डोकं हलवून लाळ उडवतो. मग एक गाल त्यावरून घासतो, दुसरा गाल, हनुवटी, आणि शेवटी कूस बदलून पाठ. सगळं अंग त्या पाल्यावरून फिरवून होतं. मधेच जिन्यावर कुणाची चप्पल वाजली तर कान टवकारून ताबडतोब तिकडे बघतो. झिंगलेल्याला असं भान नसतं.

हे अंग घासणं कशासाठी, याचंही उत्तर त्याच जपानी गटानं शोधलं. माताताबीवर घासलेल्या मांजराच्या डोक्यावर डास कमी बसले. डासांची जात होती एडिस अल्बोपिक्टस, म्हणजे डेंग्यू पसरवणाऱ्यांपैकीच एक. पुढच्या वर्षी त्यांनी असंही दाखवलं, की मांजर पान चावून चुरगाळतं तेव्हा त्यातून ही द्रव्यं कितीतरी जास्त बाहेर पडतात. म्हणजे ज्याला आपण खुळं म्हणतो ते चावणं आणि लोळणं मांजराला डासांपासून थोडं संरक्षण देत असावं. मला हे फार सुंदर वाटतं. दबा धरून तासन्‌तास एका जागी बसणाऱ्या प्राण्याला डासांचा केवढा त्रास होत असेल!

कॅटनिप अगदी निरुपद्रवी आहे असंही मी म्हणणार नाही. भसाभस खाल्लं तर उलटी, जुलाब होतात. काही मांजरं चिडखोर होतात, तेव्हा घरात दोन बोके असतील तर त्यांना वेगवेगळ्या खोलीत द्यावं. गाभण मांजरीला मी देत नाही. आणि सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात पाल्याचा डबा खिडकीत राहिला तर महिन्याभरात त्यात नुसता भुसा उरतो, वास उडून जातो. घट्ट झाकणाच्या बरणीत घालून फ्रिजमध्ये ठेवा.

‘जे मांजर लोळत नाही ते आजारी’ हे वाक्य वाचून किती जणांनी बिचाऱ्या धडधाकट मांजराला दवाखान्यात नेलं असेल कोण जाणे. कॅटनिपला प्रतिसाद देणं हे बरंचसं आईबापांकडून येतं. १९६२ साली नील टॉड या संशोधकांनी हे आनुवंशिक असल्याचं मांडलं, पुढच्या अभ्यासांत त्याचं गणित त्यांना वाटलं त्याहून गुंतागुंतीचं निघालं. साधारण तीनांतली दोन मांजरं प्रतिसाद देतात, तिसरं देत नाही. तीन-चार महिन्यांच्या आतली पिल्लं तर सहसा लक्षच देत नाहीत. काही मांजरं लोळत नाहीत, पण पंजे आत घेऊन शांत बसून राहतात. तोही प्रतिसादच आहे. २०१७ साली १०० मांजरांवर चार वनस्पती करून पाहिल्या, तेव्हा माताताबीला सुमारे ८० टक्के मांजरांनी दाद दिली, व्हॅलेरियनचं मूळ आणि हनिसकलचं लाकूड यांना जवळपास निम्म्यांनी. कॅटनिपला न बधलेल्यांतली बरीचशी माताताबीला बधली. याच अभ्यासात वाघांपुढेही माताताबी ठेवली होती. मावशीला जे एवढं आवडतं त्यात वाघांनी काही रस घेतला नाही. वाघांना काय आजार होता?

उंदरांबद्दल फार लिहायची गरज नाही. परिणाम पंधरा मिनिटांचा. मार्केट यार्डातल्या भुसाराच्या दुकानातलं मांजर उरलेले पावणेचोवीस तास ज्वारीच्या पोत्यांमागे आपलं काम करायला मोकळं असतं.

राहिला ‘आपली तुळस तेच काम करते’ हा मुद्दा. तुळस, पुदिना आणि कॅटनिप एका कुळातले आहेत हे खरं. त्याच कुळात सब्जा आहे, मरवा आहे, पानओवा आहे, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ आता सागालाही त्यातच धरतात. कूळ एक म्हणून द्रव्य एक असं होत नाही. तुळशीत नेपेटालॅक्टोन नाही. गवती चहाची पाती मांजरं आवडीनं चावतात, पण तेही चावण्याच्या गोडीपुरतं, आणि जास्त खाल्लं की पोट बिघडतं.

पण देशी वनस्पती हवीच असेल तर ती आपल्या पायाखाली आहे, आणि मजकूर लिहिणाऱ्याला तिचा पत्ताच नाही. तिचं नाव खोकली. कानडी बोलणारे शेजारी तिला कुप्पीगिडा म्हणतात, तेलुगू घरांत कुप्पी चेट्टू. पावसाळ्यात भिंतीच्या कडेला, गटाराच्या काठाला, पडीक प्लॉटमध्ये ती हमखास उगवते. गुडघ्याएवढं झुडूप, कातरलेल्या कडांची पानं लांब देठांवर अशी पसरलेली, की वरच्या पानाची सावली खालच्यावर फारशी पडत नाही. मधून उभे हिरवे तुरे, आणि तुऱ्यावर वाटीसारखी छोटी छोटी पानं. ही एरंडाच्या कुळातली, तुळशीशी हिचं काही नातं नाही. तरी मांजरं हिच्यावर फिदा असतात. ओढ असते ती मुळाची. झाड उपटून मूळ मोकळं झालं, की इतका वेळ कंपाउंडवर झोपलेलं मांजर उठून येतं आणि मातीसकट त्या मुळावर गाल घासायला लागतं. दक्षिणेत हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. २०१६ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी या मुळातली द्रव्यं वेगळी काढली. त्यांतलं एक नेपेटालॅक्टोनचंच जवळचं भावंड निघालं, आयसोडायहायड्रोनेपेटालॅक्टोन. कूळ वेगळं असूनही द्रव्य जुळलं, तुळशीच्या बाबतीत घडलं त्याच्या अगदी उलट.

मूळ हुंगू द्या, घासू द्या, आणि मग उचलून टाका. पाला खायला घालू नका, या झाडात सायनाइड तयार करणारं द्रव्यही आहे. माणसांनीही काढा करून प्यायच्या आधी विचारावं. ज्यांच्या रक्तात जन्मतः जीसिक्सपीडी हे विकर कमी असतं त्यांच्या तांबड्या पेशी खोकलीनं फुटल्याची उदाहरणं आहेत.

शेवटचा इशारा गवताचा. हरळी खाणं मांजराच्या रोजच्या वागण्यातलं आहे. अमेरिकेत मांजर पाळणाऱ्यांकडून मोठ्या संख्येनं माहिती गोळा केली, तेव्हा गवत खाण्याआधी आजारी दिसणारी मांजरं फारच थोडी निघाली, आणि खाल्ल्यावर उलटी होणंही सगळ्यांत नव्हतं. आतड्यातले जंत बाहेर ढकलायची ही रानटी पूर्वजांकडून आलेली सवय असावी, असा संशोधकांचा अंदाज आहे. फवारणी न केलेल्या हरळीची एक कुंडी गॅलरीत ठेवा, पुरे.

वनस्पतींमधलं खरं विष बहुतेक वेळा आपणच सत्काराहून घरी आणतो आणि टीपॉयवर ठेवतो: बुकेतली लिली. पान, पाकळी, फुलदाणीतलं पाणी, एवढंच काय, अंगाला लागलेले पराग चाटले तरी मांजराची मूत्रपिंडं दोन-तीन दिवसांत निकामी होऊ शकतात. पहिल्या दिवशी फक्त उलटी आणि मलूलपणा दिसतो, मग मांजर सावरल्यासारखंही वाटतं. लिली चावल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न बघता त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना गाठा. सलाइन वेळेत सुरू झालं तर मांजर बहुतेक वेळा वाचतं.