लिंक तपासणारा चेक काढू नका, सांभाळा

तुमच्या पाइपलाइनमध्ये, म्हणजे कोड बदलला की आपोआप होणाऱ्या तपासण्यांच्या रांगेत, डॉक्युमेंटेशनमधल्या लिंका तपासणारा एक चेक आहे आणि तो उठसूट लाल होतो, म्हणजे नापास होतो. तो काढावा की ठेवावा, असा प्रश्न तुम्हाला पडत असेल, तर तुम्ही या धंद्यात नवे आहात. अनुभवी मंडळी असलं घोंगडं भिजतच ठेवतात.

आधी त्याची बाजू समजून घ्या. बिचारा लिंक्डइनच्या दारात गेला की ९९९ घेऊन परततो. एचटीटीपीचे, म्हणजे सर्व्हरच्या उत्तरांचे, कोड १०० ते ५९९, पण मोठ्या घरची रीतच वेगळी. एखाद्या साइटवर एका दमात ढीगभर लिंका तपासायला गेला, तर ४२९, म्हणजे ‘जरा दमानं’. काही सर्व्हर हेड रिक्वेस्ट (पान न मागता केलेली नुसती चौकशी) पाहताच ४०५, म्हणजे ‘ही पद्धत चालत नाही’, तोंडावर मारतात. तीच लिंक ब्राउझरमध्ये झक्क उघडते. रीडमीमधल्या लोकलहोस्ट:३००० वरही, म्हणजे ज्या मशीनवर चालतोय तिच्याच पत्त्यावरही, तो इमानेइतबारे जाऊन येतो आणि तिथे कोणी नाही म्हणून बिल्ड पाडतो. उलट बंद पडलेल्या कंपनीचं डोमेन ऑनलाइन जुगारवाल्यांनी उचललं असेल, तर तिथून २००, म्हणजे ‘सगळं ठीक’, येतो. हिरवागार!

आता उपाय. रीट्राय, म्हणजे फसल्यावर पुन्हा करायचे प्रयत्न, तीनवर न्या, मग पाचवर. तेवढ्यात चहा होतो. मग वगळायच्या लिंकांची यादी सुरू करा. तिच्यात रोज एकेक भर पडेल आणि शेवटी कोणीतरी वैतागून एचटीटीपीएसने सुरू होणारं झाडून सगळं वगळेल. तेव्हापासून चेक कधीच लाल होणार नाही. अप्रेझलमध्ये ‘पाइपलाइनची स्थिरता वाढवली’ असं लिहायला विसरू नका.

एखादा शहाणा म्हणेल, ‘पीआरवर, म्हणजे कोडमधला बदल मंजुरीला आला की, फक्त आपल्याच रेपोतल्या (प्रोजेक्टच्या कोडसाठ्यातल्या) लिंका तपासू, बाहेरच्या आठवड्यातून एकदा वेगळ्या जॉबमध्ये.’ त्याला लगेच त्या तिकिटाचा मालक करा. पुन्हा तोंड उघडणार नाही.

आणि इतकं सांगूनही कोणी चेक काढायला निघालाच, तर अडवू नका. करू दे तो चेक चालवणारी वर्कफ्लोची फाइल डिलीट. ब्रँच प्रोटेक्शनमध्ये, म्हणजे मुख्य कोडमध्ये बदल कधी जाऊ द्यायचा त्या नियमांत, तो चेक ‘आवश्यक’ म्हणून नोंदवलेला असतोच. त्यामुळे पीआर त्याच्या निकालाची वाट बघत बसेल, आणि निकाल देणारा आता कोणी उरलेलाच नाही. सेटिंग बदलायला अ‍ॅडमिन लागतो. तो दिवाळीतच नोकरी सोडून गेला.