डायलिसिसची ‘सवय’ लागत नाही

‘डायलिसिस विसरा, किडनी एकवीस दिवसांत पूर्ववत’ असा मथळा असलेला संदेश गेल्या महिन्यात आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप गटावर आला आणि दोन दिवसांत तालमीच्या व बचत गटाच्या गटांवरही फिरला. डायलिसिसची सवय लागते म्हणून ते बंद करावे, रोज दोन शहाळी व पाच लिटर पाणी प्यावे, वनस्पतीने अपाय होत नाही म्हणून काढा घ्यावा, सैंधव हवे तितके खावे आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडे रक्तातून गाळून टाकतात तो एक टाकाऊ पदार्थ) उतरले की आजार गेला असे समजावे, असा त्याचा सारांश आहे. राजारामपुरीत राहणाऱ्या माझ्या आत्याने तो वाचून मंगळवार आणि गुरुवार अशा डायलिसिसच्या दोन पाळ्या चुकवल्या नसत्या, तर मी हे लिहायला बसलो नसतो. ‘सवय लागती म्हणं त्याची’, एवढेच कारण तिने दिले.

निरोगी मूत्रपिंडे आठवड्याचे 168 तास रक्त गाळतात. डायलिसिसच्या यंत्राला तेच काम चार-चार तासांच्या तीन पाळ्यांत, म्हणजे 12 तासांत उरकावे लागते आणि तेही पूर्ण होत नाही. मूत्रपिंडे जवळजवळ थांबलेल्या माणसाने पाळी चुकवली, तर त्या दिवसाचे पाणी, आम्ल आणि पोटॅशियम शरीरातच साठते. याला सवय म्हणणे म्हणजे जेवणाला व्यसन म्हणण्यासारखे आहे.

सर्वांत घातक सल्ला शहाळ्याचा आहे, कारण तो सर्वांत निरुपद्रवी वाटतो. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाताना कोणी रिकाम्या हाताने जात नाही आणि हातात बहुधा शहाळेच असते. त्याच्या 100 मिलिलिटर पाण्यात साधारण 250 मिलिग्रॅम पोटॅशियम असते. निरोगी माणूस ते लघवीवाटे टाकून देतो. डायलिसिसवरील रुग्णाच्या रक्तात ते साचते आणि प्रमाण फार वाढले की हृदयाची लय बिघडून ते बंद पडू शकते. गुरुवारी रात्री आत्याला पाय उचलता येईना. आडवे झाले की श्वास कोंडायचा, म्हणून ती भिंतीला उशी लावून बसून होती; वजन चार किलोंनी वाढले होते, आणि ते सगळे पाणीच होते. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तीन शहाळी पडली होती, एकात नळी तशीच होती. रुग्णालयात तिचे पोटॅशियम 7.2 निघाले, ते साधारणपणे 3.5 ते 5 असावे लागते. ईसीजीच्या कागदावरच्या टोकदार लाटा पाहताच डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम दिले आणि पहाटे तातडीने डायलिसिस केले.

‘वनस्पतीने अपाय होत नाही’ या विधानाला एकच उदाहरण पुरेसे आहे. ब्रसेल्समधील एका क्लिनिकमध्ये वजन कमी करण्यासाठी चिनी वनस्पतींची औषधे घेतलेल्या तरुण स्त्रियांची मूत्रपिंडे झपाट्याने निकामी झाली आणि 1993 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. त्या औषधांत एका वनस्पतीच्या जागी ॲरिस्टोलोकिया कुळातील दुसरीच वनस्पती गेली होती, आणि तिच्यातील आम्लाने पुढे काही जणींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. आपल्याकडची सापसण याच कुळातली आहे. प्रत्येक काढा विषारी असतो असे माझे म्हणणे नाही. पण घटकांची नावे नसलेली बाटली मूत्रपिंडाच्या रुग्णाला देणे अक्षम्य आहे.

सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे, त्यामुळे तहान आणि रक्तदाब त्यानेही वाढतो. क्रिएटिनिन स्नायूंत तयार होते. रुग्ण खंगला की आकडा आपोआप उतरतो, म्हणून केवळ त्यावरून आनंद मानू नये.

संदेशातील दोन गोष्टी मात्र मान्य कराव्या लागतात. पहिली खर्चाची. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. पण आठवड्यातून तीनदा गगनबावड्याहून किंवा राधानगरीहून कोल्हापूर गाठणाऱ्याचे गाडीभाडे आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली रोजंदारी घरालाच सोसावी लागते, आणि अशा घरात फुकटच्या उपायावर विश्वास बसला तर दोष त्या घराचा नाही. दुसरी गोष्ट, सर्पदंशानंतर डायलिसिसवर गेलेल्या एका शेतकऱ्याचे डायलिसिस काढ्याने सुटले, असे त्यात लिहिले आहे. डायलिसिस सुटले असेलही. घोणशीच्या विषाने, लेप्टोस्पायरोसिस या संसर्गाने किंवा जुलाबांनी अचानक बंद पडलेली मूत्रपिंडे काही आठवड्यांत पुन्हा चालू होऊ शकतात, आणि तोवर त्या माणसाला जगवते ते डायलिसिसच. आत्याची मूत्रपिंडे वीस वर्षांच्या रक्तदाबाने आकसली आहेत. ती उसात साप चावलेल्या माणसासारखी परत येणार नाहीत, हे तिच्या डॉक्टरांनी तिला सोनोग्राफी दाखवून आधीच सांगितले होते.

तिला विचारून मी त्या रात्रीचा पोटॅशियमचा अहवाल भावकीच्या गटावर टाकला आहे. मूळ संदेश मात्र तिथून अजून कोणी काढलेला नाही.